जादूटोण्यातल्या वनस्पतींची जुनी नावं: 'कुत्र्याची जीभ', 'एरीसचं रक्त' आणि हातजोडी

रानवाटा (धागाकर्ता)

इंग्रजी समूहांवर बरीच वर्षं फिरणारी एक यादी आता मराठी वनस्पतिप्रेमींच्या गटांतही येऊ लागली आहे. त्यात सांगितलेलं असतं ते साधारण असं: युरोपातल्या चेटकिणी म्हणजे गावात झाडपाला देणाऱ्या बायका. आपलं औषध कुणाला कळू नये म्हणून त्यांनी वनस्पतींना किळसवाणी नावं दिली. न्यूट हा पाण्यातला, सरड्यासारखा दिसणारा प्राणी. त्याचा डोळा म्हणजे मोहरी. बेडकाचं बोट म्हणजे बटरकप. वटवाघळाची लव म्हणजे हॉलीची पानं. कुत्र्याची जीभ म्हणजे हाउंड्स टंग नावाचं झुडूप.

ही चारही नावं शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधली आहेत, चौथ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशातली. नाटक १६०६ च्या आसपासचं, छापलं गेलं १६२३ मध्ये. तो प्रवेश सावकाश वाचा. त्याच चेटकिणी त्याच कढईत अंधारात खणलेलं हेमलॉकचं मूळ टाकतात, चंद्रग्रहणात तोडलेल्या यू झाडाच्या डहाळ्या टाकतात. दोन्ही जहाल विषारी आणि दोन्ही सरळ आपापल्या नावानं आलेली. घरोघरी असणारी मोहरी लपवायची आणि जीव घेणारं हेमलॉक उघड बोलायचं, हा कुठला गुप्तपणा? पुढे स्वतःची नऊ पिल्लं खाल्लेल्या डुकरिणीचं रक्तही कढईत पडतं. प्रेक्षकाच्या अंगावर काटा यावा म्हणून ती सामग्री आहे, तिथे पाककृती शोधण्यात अर्थ नाही. 'न्यूटचा डोळा म्हणजे मोहरी' हा अर्थ विसाव्या शतकातल्या जादूविषयक लिखाणातून पसरला आहे.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. वनस्पतींना मुद्दाम दिलेली गुप्त नावं खरोखर कुठे होती का? आणि आपल्याकडे चेटूक, करणी, दृष्ट, बाहेरची बाधा यांच्याशी जोडलेल्या वनस्पतींची नावं काय सांगतात? पाहिलेलं, वाचलेलं लिहा. प्रमाण आणि कृती मात्र कुणीही लिहू नका. यातल्या कित्येक वनस्पती माणूस मारतात.

---

शब्दवेडी

गुप्त नावं होती आणि त्याचा लेखी पुरावा आहे. फक्त तो इंग्लंडच्या चेटकिणींचा नाही, इजिप्तच्या देवळांकडचा आहे.

नेदरलँड्समध्ये लायडनच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक पपायरसची, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाची, गुंडाळी आहे. इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या सुमाराची, मंत्रतंत्रानं भरलेली. १८२८ मध्ये एका मोठ्या संग्रहाबरोबर ती तिथे आली. तिच्यात एका जागी ग्रीकमध्ये लिहिलं आहे (माझ्या शब्दांत सांगते): लोकांना कुतूहल फार असतं, म्हणून देवळातल्या लेखकांनी वनस्पती आणि इतर वस्तूंची नावं अशा रीतीनं लिहिली की अडाण्याचा घोटाळा व्हावा आणि त्याच्या हातून जादू घडू नये, आम्ही मात्र अनेक गुप्त प्रती धुंडाळून खरे अर्थ जमवले आहेत. मग येते तीसहून अधिक नोंदींची यादी.

हेफायस्टस देवाचं रक्त म्हणजे वर्मवुड, आपल्या दवण्याच्या जातकुळीतली कडूजहर वनस्पती. एरीस या युद्धदेवाचं रक्त म्हणजे घोळ. हो, आपण भाजी करतो तीच घोळ. बबून माकडाचे केस म्हणजे शेपूचं बी आणि त्याच माकडाचे अश्रू म्हणजे शेपूचा रस. टायटनचं रक्त म्हणजे रानटी लेट्यूस. माणसाचं पित्त म्हणजे सलगमचा रस. मगरीची विष्ठा म्हणजे इथिओपियाची माती. वैद्याचं हाड म्हणजे वालुकाश्म.

इथवर वाचून वाटतं, चला, सगळी भाजीमंडईच निघाली. पण याच यादीत हायरॅक्स नावाच्या सशाएवढ्या प्राण्याच्या रक्ताची नोंद आहे आणि तिच्यापुढे लिहिलंय, 'खरोखर हायरॅक्सचंच'. सिंहाच्या वीर्यापुढे 'माणसाचं वीर्य' असं आहे. बबूनच्या रक्तापुढे एका ठिपकेदार पालीचं रक्त आहे. म्हणजे नावामागे कधी भाजी, कधी दगड, कधी दुसराच प्राणी, तर कधी नावात आहे तोच प्राणी. 'भयंकर नाव म्हणजे निरुपद्रवी पाला' असा सरळ नियम या एवढ्या जुन्या कागदालाही लागू पडत नाही. ही यादी प्रत्यक्षात कितपत वापरली जाई, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मला त्यातली प्रस्तावना जास्त महत्त्वाची वाटते. नाव लपवणारे लोक हे ज्ञान हातात ठेवू पाहणारे पुरोहित होते, हे ते स्वतःच सांगताहेत.

---

तळटीप

वा, शब्दवेडीताई. घोळ आणि शेपू या यादीत भेटतील असं वाटलं नव्हतं. वाचतो आहे.

---

गडवाट

'कुत्र्याची जीभ' या नावाबद्दल थोडं. हे नाव जादूचं नाही, वनस्पतीचं रूप सांगणारं आहे. ग्रीकमध्ये ते पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याच्या काळापासून आहे आणि शास्त्रीय नाव सायनोग्लॉसम त्यावरूनच आलं. पान लांबट, मऊ लवेचं, हात फिरवला की खरखरीत. ज्यानं कुत्र्याला हात चाटू दिलाय त्याला ते नाव समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या सह्याद्रीत तिची जवळची नातेवाईक आहे, निसुर्डी. पावसाळा ओसरताना घाटमाथ्यावर पांढरट पाकळ्या आणि मधोमध निळा रंग अशी नाजूक फुलं दिसतात ती. पूर्वी तिला सायनोग्लॉसममध्येच धरत, आता तिच्या शास्त्रीय नावातला पहिला शब्द बदलला आहे. तिची फळं पँटला अशी चिकटतात की गडावरून उतरल्यावर बसून एकेक काढावी लागतात.

आपल्याकडे प्राण्यांवरून पडलेली नावं काय कमी आहेत? उंदीरकानी, हत्तीशुंडी, काकजंघा, मयूरशिखा, वाघाटी. यातल्या कुठल्याही नावामागे गुपित नाही. हत्तीशुंडीचा फुलोरा खरोखर सोंडेसारखा वळलेला असतो, उंदीरकानीचं पान उंदराच्या कानाएवढं. हीच नावं तीनचारशे वर्षांनी कुणा परक्या माणसाच्या हातात पडली, तर तोही म्हणेल की महाराष्ट्रातले लोक उंदराचे कान आणि कावळ्याच्या तंगड्या उकळून पीत होते.

---

देवराई

दक्षिण कोकणातून लिहिते आहे. आमच्याकडची तीन नावं देते.

पहिलं भुत्या. पुस्तकात कांडोळ म्हणतात, कुठे पांढरुख. पानं गळाली की उन्हाळ्यात हे झाड नुसत्या पांढऱ्याफेक सालीवर उभं असतं आणि चांदण्या रात्री लांबून उजळून दिसतं. इंग्रजांनीही त्याला भुताचं झाड असंच म्हटलं. याच झाडाचा डिंक कडाया म्हणून बाजारात जातो. त्याची तांबडी, चांदणीसारखी फळं केसाळ असतात आणि ते केस बोटात घुसले की आग होते.

दुसरं भूतकेस. पावसाळी रानात हिरव्यागार झुडपावर मधेच दुधी पांढरं 'पान' दिसतं. ते पान नसून फुलाचं एक निदल मोठं झालेलं असतं, खरं फूल नारिंगी आणि अगदी लहान. संध्याकाळच्या काळोखात बाकी झुडूप नाहीसं होतं आणि ती पांढरी पानंच तेवढी हवेत तरंगल्यासारखी राहतात. भूतकेस कुणालाही काही करत नाही, पण नाव कुठून आलं असेल ते अशा वेळी त्या वाटेनं एकट्यानं गेल्यावर कळतं.

तिसरं कळलावी, आणि या नावावर माझा जास्त जीव आहे. लाल-पिवळ्या ज्वाळांसारखं फूल, पानाच्या टोकाला आकडी, तिनं आधार धरत वेल वर चढतो. संस्कृतात अग्निशिखा, लांगली. आमच्या भागात म्हातारी माणसं ते फूल घरात आणू देत नाहीत. आणलं तर घरात कळ लागते म्हणजे भांडणं होतात. कुणाचं घर मोडायचं असेल तर त्याच्या छपरात कळलावी खोचतात, असं सर्रास बोललं जातं. दुसरीकडे, अडलेल्या बाईला कळा याव्यात म्हणून सुईणी तिचा कंद उगाळून अंगाला बाहेरून लावत, त्यावरून कळलावी, असंही सांगतात. मी दोन्ही ऐकत वाढले. सुईणीच्या हातातलं औषध आणि वैऱ्याच्या हातातली करणी एकाच नावात राहतात, हे मला फार खरं वाटतं, कारण विष तेच असतं.

नाव न घेण्याचीही आपली एक रीत आहे. आजी सांगायची, "रातच्या येळाक सापाचा नाव घेवचा नाय, जनावर म्हणाचा." देवीच्या साथीला 'देवी आल्या' म्हणायचे तेही त्यातलंच. इथे नाव बदललं जातं ते भीतीपोटी, माहिती लपवण्यासाठी नव्हे. आणि ज्या मोहरीवर हा धागा सुरू झाला ती तर आपण दृष्ट काढताना उघड उघड वापरतो. मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या आणि खकाणा उठला नाही तर दृष्ट जबरदस्त होती म्हणायचं. सगळं घर बघत असतं.

---

ओपीडी

डॉक्टर आहे, तालुक्याच्या ठिकाणी काम करतो. देवराईताईंनी कळलावीचा विषय काढला म्हणून आधी तिचंच सांगतो. तिच्या कंदात कोल्चिसीन नावाचं विष असतं. पोटात गेल्यावर काही तासांनी जुलाब-उलट्या सुरू होतात, पटकीसारख्या. पुढे एकेक अवयव कामातून जाऊ लागतो. रुग्ण वाचलाच तर दोनेक आठवड्यांनी डोक्यावरचे केस झपाट्यानं गळतात. घरच्यांना कंद खाल्ल्याचं माहीतच नसेल, तर हे केस गळणं त्यांना काय वाटेल याचा विचार करा. बाहेरून लावलेला कंदही सुरक्षित नाही. कुणी प्रयोग करू नये.

आता धोतरा. यात अ‍ॅट्रोपीन, हायोसायमीन आणि स्कोपोलमीन ही विषं. तोंडाला कोरड, अंग तापलेलं, चेहरा लाल, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, लघवी तुंबलेली. आणि बडबड. रुग्ण नसलेल्या माणसांशी बोलतो, अंगावरच्या चादरीवरून नसलेले धागे वेचत राहतो. हे एकदा पाहिलं की विसरता येत नाही. बाहेरची बाधा म्हणून अशा रुग्णाला आधी भगताकडे नेतात आणि मोलाचे तास जातात. धोतऱ्याचं बी मिरचीच्या बीसारखं दिसतं. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत या दोन बियांमधला फरक वेगळा शिकवतात, कारण वाटसरूला अन्नातून धोतरा देऊन लुटण्याची जुनी पद्धत आपल्या देशात होती. धोतऱ्याचं बी जाड, मूत्रपिंडाच्या आकाराचं, खळगे पडलेलं आणि कडू; मिरचीचं पातळ, गुळगुळीत आणि तिखट.

युरोपात चेटकिणींच्या उडण्याच्या मलमाबद्दल जे लिहिलं गेलं ते याच विषांच्या कुटुंबाभोवती फिरतं: बेलाडोना, हेनबेन म्हणजे आपला खुरासानी ओवा, मँड्रेक. आंद्रेस लागुना हा स्पॅनिश वैद्य डायोस्कोरिडीसवरच्या आपल्या टीकेत, १५५५ मध्ये, लिहून गेला आहे की जादूच्या आरोपात पकडलेल्या एका जोडप्याच्या घरात हिरवं मलम सापडलं. ते त्यानं मेट्झ शहरातल्या जल्लादाच्या बायकोला लावून पाहिलं. ती सुमारे ३६ तास झोपली आणि उठल्यावर रागावली की इतकं सुख चालू असताना मला का उठवलं. मलम लावून कुणी कुठे उडालं नाही, ती पलंगावरच होती.

हेच अ‍ॅट्रोपीन आज आमच्या कपाटात असतं. फवारणी करताना कीटकनाशकाची विषबाधा झालेला शेतकरी आला की पहिली धावपळ त्याच्या इंजेक्शनसाठी होते.

---

मांडवीकाठ

ओपीडी, तुम्ही सांगितलेली लुटीची गोष्ट गोव्यात १५६३ मध्ये छापली गेली आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि शेवटपर्यंत इथेच राहिला. भारतातल्या औषधी द्रव्यांवरचा त्याचा संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला. त्यात धोतऱ्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. एका घरातल्या दासीनं मालकिणीला अन्नातून धोतरा दिला, अंगावरचे आणि पेटीतले दागिने घेऊन ती पळाली. मालकीण मात्र येईल त्याच्याकडे बघून नुसती हसत होती. ओर्तानं तिच्यावर उपचार केले.

धोतऱ्याचं नाव त्यानं इथल्या लोकांच्या तोंडून ऐकलं तसंच नोंदवलं. पुढे लिन्नेयस या वनस्पतिशास्त्रज्ञानं शास्त्रात पक्कं केलेलं 'दातुरा' हे नावही आपल्या धत्तूर-धोतऱ्याचंच. आर्चबिशपच्या पदरी गोव्यात राहिलेला डच माणूस लिन्स्खोतेन, त्यानं १५९६ च्या पुस्तकात आणखी पुढची गोष्ट लिहिली: बायका नवऱ्याला धोतरा देतात आणि तो समोर बसून हसत असताना आपल्याला हवं ते करतात. ओर्ता वैद्य होता, त्यानं रुग्ण पाहिला. लिन्स्खोतेननं बरंचसं ऐकीव लिहिलं असावं. पण युरोपात गाजलं ते ऐकीवच.

ओर्ता १५६८ मध्ये वारला. तो छुपा यहुदी होता असं ठरवून इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. ज्यानं इथल्या झाडापाल्याचं ज्ञान नाव-गाव-गुणांसह उघड छापलं, त्याचे हे हाल झाले. मला हे वाचताना दरवेळी वाईट वाटतं.

---

सातासमुद्रापार

इंग्लंडात राहते, त्यामुळे फॉक्सग्लव्ह रोजच्या वाटेवर दिसतो. त्याची लोकनावं ऐका: चेटकिणीचे हातमोजे, परीची अंगुस्तानं, मेलेल्या माणसाच्या घंटा. फुलात बोट घातलं की अंगुस्तान घातल्यासारखंच दिसतं. जर्मनमध्येही त्याचं नाव अंगुस्तानावरूनच आणि त्यावरून लेओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १५४२ मध्ये डिजिटॅलिस हे लॅटिन नाव घडवलं.

रानवाटा, तुमच्या म्हणण्यात एक भर घालायची आहे. यादी खोटी असली तरी गावच्या बायकांचं ज्ञान खोटं नव्हतं. विल्यम विदरिंग या डॉक्टरकडे १७७५ मध्ये जलोदरावरची एक कौटुंबिक कृती आली. श्रॉपशरमधल्या एका म्हाताऱ्या बाईनं ती गुप्त ठेवली होती आणि मोठ्या डॉक्टरांनी हात टेकलेले रुग्णही तिच्यानं बरे होत. वीस किंवा जास्तच वनस्पती त्यात होत्या. विदरिंग वनस्पतींचा जाणकार, काम करणारी वनस्पती फॉक्सग्लव्ह आहे हे त्यानं ओळखलं. दहा वर्षं रुग्णांवर निरीक्षणं करून १७८५ मध्ये त्यानं पुस्तक लिहिलं, प्रमाण चुकलेले रुग्णसुद्धा लपवले नाहीत. हृदयरोगावरचं डिगॉक्सिन याच कुळातल्या वनस्पतीतून येतं. त्या बाईचं नाव विदरिंगनं लिहिलं नाही. आज ती 'मदर हटन' या नावानं सगळीकडे भेटते, पण ते नाव विसाव्या शतकात एका औषधाच्या जाहिरातीच्या निमित्तानं तिला चिकटवलेलं आहे.

---

रानवाटा

सातासमुद्रापार, हे उत्तम उदाहरण दिलंत. त्या बाईचं ज्ञान खरं, याबद्दल दुमत नाही. माझी हरकत 'चेटकिणी म्हणजे वैदू बायका' या समीकरणाला आहे. साधारण १४५० ते १७५० या काळात युरोपात जादूटोण्याच्या आरोपाखाली ४० ते ६० हजार माणसं मारली गेली, असा इतिहासकारांचा आजचा अंदाज आहे. त्यांत बायका बहुसंख्य, पण सुईणी आणि औषध देणाऱ्या बायका ठळकपणे जास्त होत्या, असं खटल्यांच्या कागदपत्रांतून दिसत नाही. शेजारणीशी झालेलं भांडण, दगावलेलं मूल, आटलेली गाय, एवढ्यावर आरोप होत. त्यांना एखादं औषध येत होतं म्हणून त्या निर्दोष, अशी गोष्ट आपण रचतो तेव्हा ज्यांना काहीच येत नव्हतं त्यांचं काय? त्याही निर्दोषच होत्या.

आपल्याकडे आजही डाकीण ठरवून बाईला मारहाण झाल्याच्या बातम्या येतात. म्हणून या बाबतीत मला गोड गोष्ट चालत नाही.

---

तेंदूपान

विदर्भातला आहे. धागा वाचताना सारखं मनात येत होतं की आपल्या बाजारात याच्या बरोब्बर उलट चाललंय. त्या यादीत प्राण्याचं नाव आणि आत वनस्पती. इथे वनस्पतीचं नाव आणि आत प्राणी.

हातजोडी. जत्रेत रुद्राक्ष, गोमती चक्र, पांढऱ्या रुईच्या मुळाचा गणपती विकणाऱ्यांकडे ही असते. मी हातात घेऊन पाहिली आहे. छोटी डबी, तिच्यात शेंदूर, चार लवंगा आणि त्यात बुडवलेली बोटभर लांबीची तपकिरी काळी वस्तू. दोन मनगटं एकमेकांना टेकवून मुठी अर्धवट वळाव्यात तशी. विकणारा शपथेवर सांगतो की हे दुर्मिळ झाडाचं मूळ आहे, अमरकंटकच्या नाहीतर नेपाळच्या जंगलातलं, ग्रहणाच्या वेळीच काढतात. तिजोरीत ठेवा, कोर्टकचेरी जिंकाल, शत्रू वश होईल.

ते मूळ नाही. ती घोरपडीच्या नराची वाळवलेली जननेंद्रियं आहेत. नर घोरपडीला ती जोडीनं असतात, म्हणून 'जोडी'. भारतातल्या आणि परदेशातल्या वन्यजीव संशोधकांनी बाजारातले आणि ऑनलाइन विकत घेतलेले नमुने प्रयोगशाळेत तपासले आणि ते घोरपडीचे निघाले. काही नमुने तर प्लास्टिकचे साचे होते. २०१७ मध्ये हे प्रकरण देशभर गाजलं, छापे पडले, मोठ्या विक्री संकेतस्थळांवरच्या जाहिराती उतरवल्या गेल्या.

नाव उसनं घेतलंय ते एका खऱ्या वनस्पतीचं. मार्टिनिया अ‍ॅन्युआ, आपल्याकडे विंचू किंवा वाघनखी. मूळची मेक्सिकोची, आता उकिरड्यावर, रस्त्याच्या कडेला कुठेही उगवते. मोठी लवदार चिकट पानं, गुलाबी घंटेसारखी फुलं. फळ वाळून तडकलं की आत काळं टणक बी, टोकाला दोन वाकडे आकडे. तिला हिंदीत हाथाजोडी म्हणतात आणि विकणारे या नावाचा आडोसा घेतात. तुमच्या गावात ती असेल तर उपटून मूळ बघा. साधं मूळ असतं, हातबीत काही नाही.

हेच 'सियारसिंगी'चं, म्हणजे कोल्ह्याच्या शिंगाचं. कोल्ह्याला शिंग नसतं. केसाळ कातड्याचा गोळा शेंदरात घालून विकतात.

घोरपड वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या रांगेत. तिचा अवयव विकणं, विकत घेणं, बाळगणं, सगळाच गुन्हा. ३ ते ७ वर्षं कैद. मुळी समजून घेतली हे सांगून सुटका होईल या भरवशावर कुणी राहू नये. आधीच मांसासाठी आणि 'तेला'साठी घोरपड मारतात, त्यात हे. शेतातले उंदीर आणि किडे खाणारा हा प्राणी आमच्याकडे पूर्वी बांधावर सहज दिसायचा.

शब्दवेडीताईंच्या त्या पपायरसमध्ये निदान 'खरोखर हायरॅक्सचंच' असं स्वच्छ लिहिलं होतं.

---

अंगणवेल

तेंदूपान दादा, वाचून हात थरथरले. आमच्या एका नातेवाईक मावशींच्या देवघरात अशी डबी आहे. त्या रोज तिला उदबत्ती दाखवतात. त्यांना कसं सांगू? जादूटोणाविरोधी कायद्यात हे येतं का?

---

तेंदूपान

अंगणवेलताई, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे तो अघोरी प्रथा आणि त्यातून होणारी फसवणूक, छळ यांवर. हातजोडीला वन्यजीव कायदा थेट लागू होतो. ती वस्तू कुणाला देऊ नका, विकू नका, फोटो टाकून 'ही खरी का' असं कुठल्या गटावर विचारू नका. जवळच्या वन परिक्षेत्र कार्यालयात जा, जमल्यास ओळखीच्या वकिलाला बरोबर घ्या. विकणारा दिसला तर महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

मावशींना सांगताना श्रद्धेवर बोलू नका. त्यांना फसवलंय, हे सांगा. मुळी म्हणून पैसे घेतले आणि प्राण्याचा अवयव देवघरात ठेवायला लावला. माझ्या अनुभवात भाविक माणूस यानं तुमच्यावर चिडत नाही, विकणाऱ्यावर चिडतो.

---

देवराई

अंगणवेल, विंचवाची शेंग आमच्या कुंपणाला आहे. फुटलेलं बी आणि मूळ, दोन्हीचे फोटो उद्या उजेडात काढून इथे टाकते. मावशींना ते दाखवा, 'हातजोडीचं झाड' म्हणतात ते हेच आणि त्याचं मूळ असं असतं म्हणून.

---

शब्दवेडी

खानदेश आणि मेळघाटातलं कुणी वाचत असेल तर कळलावी, धोतरा आणि भुत्याची भिली, पावरी, कोरकू नावं द्याल का? शक्य असेल तर गाव आणि नाव सांगणाऱ्याचं साधारण वयही लिहा. ऐकलंत तसंच्या तसं लिहा, प्रमाण मराठीत बसवू नका.